बाळ काचेत, आई जिन्यात

यंदा गणपतीला डॉल्बी लावायचा नाही, त्या पैशातून दवाखान्याला नवजात बाळांसाठी काचेची पेटी द्यायची, असं आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या पोरांनी ठरवलं. चांगलं ठरवलं. पण बातमी पसरली आणि दोन दिवसांत वादाला तोंड फुटलं. एक बाजू म्हणू लागली, पेटी कशाला हवी, आता जगभर कांगारू मदर केअर आलंय, बाळ आईच्या छातीशी बांधलं की झालं, आपल्या आज्या काय वेगळं करत होत्या? दुसरी बाजू उखडली. एक-सव्वा किलोचं, धाप लागलेलं पोर आईच्या अंगावर टाकायचं म्हणजे हातानं मारायचं. हे गरिबांच्या गळ्यात बांधलेलं स्वस्तातलं औषध आहे. मशीन घ्यायला पैसे नाहीत म्हणून मायेचं गाणं गातायत. नवजात विभागात सिस्टर म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काढली, म्हणून पोरं माझ्याकडे आली. "मावशी, तुम्ही एकदा सांगून टाका. आई का पेटी?" मी त्यांना तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, कारण प्रश्नच चुकीचा मांडलाय. चुकीच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी कितीही तळमळीनं भांडलं तरी त्यातून बाळाच्या पदरात काही पडत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. कमी वजनाचं, अजून पुरतं न सावरलेलं बाळसुद्धा जन्मल्यावर होता होईल तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, आईच्या उघड्या छातीशी असायला हवं. ऑक्सिजन, सलाईन, मॉनिटर यातलं काहीही न काढता, अतिदक्षता विभागाच्या आतच. म्हणजे आईची खाट आत आली पाहिजे, आणि ती भेटायला आलेली नातेवाईक म्हणून नाही, उपचाराचा भाग म्हणून आली पाहिजे. पेटी लागेल, बाळाला वरून ऊब देणारा वॉर्मर लागेल, नाकातून दाबानं हवा देऊन श्वासाला हात देणारं सी-पॅप तर लागेलच. पण आज आपल्याकडे सगळ्यात जास्त कशाची टंचाई असेल, तर ती त्या दाराच्या आत आईला टेकायच्या जागेची आहे.

आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा रिवाज असा: बाळ आधी 'स्टेबल' होऊ दे, मग केएमसी, म्हणजे कांगारू मदर केअर, देऊ. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मीही शेकडो आयांना हेच सांगितलं. पण त्यातली खोच बघा. नवजात मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात, आणि त्यातलेही पुष्कळ पहिल्या दोन-तीन दिवसांत. बाळ सावरायला तीन-चार दिवस, कधी आठवडा लागतो. म्हणजे ज्या बाळाला या उबेची सगळ्यात जास्त गरज, ते वाट बघत असतानाच जातं, आणि जे मुळातच तगणार असतं त्याच्या वाट्याला आईची छाती येते. पूर ओसरल्यावर बोट पाठवण्यासारखंच झालं की हे.

'अनस्टेबल' हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे नळ्यांनी वेढलेलं बाळ उभं राहतं. आम्ही सिस्टरलोक आधी त्याच्या पायाला हात लावतो. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झगडायला लागलंय. पाय आणि पोट दोन्ही गार, म्हणजे हरायला लागलंय. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, अंगावर चरबी नाही, आणि वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ऊब चारी बाजूंनी निसटते. ऊब टिकवायला ते साखर जाळतं, ऑक्सिजन जाळतं, आणि नेमकं हेच दोन त्याच्यापाशी थोडे असतात. साखर उतरते, श्वास घ्यायचं विसरतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, खाली येतं, ओठ निळे पडतात. मग आम्ही तळव्याला टिचकी मारतो, ते श्वास घेतं. आता विचार करा, ही टिचकी चोवीस तास मारत राहील असं काय असतं? आईचा श्वास असतो. तिची छाती वरखाली होते, हृदयाचे ठोके बाळाच्या कानाखाली पडतात, बाळ उभं-तिरकं असल्यानं फुप्फुसांवरचा भार हलका होतो, आणि तिच्या कातडीची ऊब बाळाला लागेल तशी जुळत जाते. यात भाबडं काही नाही, शरीराचं सरळ गणित आहे.

मग बाळं काचेत गेली कशी? ही गोष्ट मुळापासून सांगायला हवी, कारण काचेची पेटी म्हणजे निखळ विज्ञान आणि आईची छाती म्हणजे निखळ भावना ही वाटणी तिथेच खोटी ठरते. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञानं कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि त्यावरून बाळांसाठी उबदार पेटी करवून घेतली. पेटीनं बाळं वाचली, हे नाकारायचं कारण नाही. त्यांचेच शिष्य प्येर ब्युदँ यांनी मात्र एक गोष्ट टिपून ठेवली: बाळापासून लांब ठेवलेल्या आयांचं त्याच्यावरचं लक्ष उडतं, दूध आटतं, काही तर बाळ न्यायलाच येत नाहीत. म्हणून त्यांनी आयांना पेटीजवळ बसवलं, अंगावर पाजायला लावलं. पुढे ही सूचना मागे पडली आणि पेटी तेवढी पुढे गेली. अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत अपुऱ्या दिवसांची बाळं काचेत ठेवून तिकीट लावून दाखवली जात. तिथेही बाळं वाचली, आणि ती काचेपलीकडूनच बघायची असतात हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचं झालं. जंतुसंसर्गाच्या भीतीनं दवाखान्यांनी दारं लावून घेतली ती लावूनच घेतली. नव्या उपचाराकडून आपण पुरावा मागतो, मागायलाच हवा. पण आईला बाहेर काढण्याचा हा एवढा मोठा उपचार कुणी कधी तपासून सुरू केला होता? 'आईला बाहेर ठेवल्यानं बाळं जास्त जगतात' असा पुरावा कुठल्या कपाटात आहे?

पुरावा उलट बाजूनं आला, आणि तोही पैसेवाल्या देशातून आला नाही. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका प्रसूती रुग्णालयात डॉ. एद्गार रे यांच्यापुढे आपल्यासारखीच अडचण होती. पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, संसर्गानं मृत्यू, बाळ टाकून जाणाऱ्या आया. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. 'गरिबांचा उपचार' हा शिक्का तिथूनच लागला, कारण जन्मच टंचाईत झाला. पण उपचार कुठल्या घरात जन्मला यावरून त्याची जात ठरवायची का? शाहू महाराजांच्या गावात तरी हा प्रश्न मला विचारावा लागू नये. आणि 'श्रीमंतांकडे असं करतात का' याचं उत्तर हो असं आहे. स्वीडन आणि नॉर्वेत पोटात २८ ते ३२ आठवडेच राहून आलेल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या किंवा वडिलांच्या छातीशी ठेवून बघितलं गेलं, आणि पेटीतल्या बाळांपेक्षा त्यांचे ठोके नि श्वास पहिल्या तासांत जास्त स्थिर राहिले. तिथे पेट्यांना काय तोटा होता?

सगळ्यात वजनदार पुरावा जागतिक आरोग्य संघटनेनं चालवलेल्या अभ्यासाचा आहे, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या देशांतली पाच मोठी रुग्णालयं. भारतातलं दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळं. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीनं आधी वॉर्मरवर सावरू दिलं; निम्म्यांना सावरण्याची वाट न बघता लगेच छातीशी ठेवलं, तेही अतिदक्षता विभागात आईची खाट आणून, दिवसाला साधारण सतरा तास. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्या गटातली १२ टक्के. मृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीनं अभ्यास मध्येच थांबवायला सांगितलं, कारण उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं आता योग्य राहिलं नव्हतं. साधारण २७ बाळांना असं ठेवलं की एक बाळ जास्तीचं जगतं, असा त्याचा हिशोब. २७ बाळं म्हणजे किती? भरल्या विभागातली दोन-तीन आठवड्यांची भरती.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो पेठेतल्या कुणीच मांडला नाही. युगांडात याच प्रश्नावर बावीसशेच्या वर बाळं घेऊन अभ्यास झाला, २०२४ साली त्याचा निष्कर्ष आला: पहिल्या आठवड्यातल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. त्याआधी गांबियातल्या छोट्या अभ्यासातही दिसला नव्हता. हे दोन्ही अभ्यास नेमके सावरायच्या आतल्या बाळांवरच होते. जे लोक 'छातीशी धरा, बाळ वाचलंच' असं बोलतात त्यांनी हे आधी पचवावं. मी पचवायचा प्रयत्न केला तेव्हा मला दोन गोष्टी दिसल्या. एक, लवकर छातीशी घेतल्यानं बाळांचं नुकसान होतं असं तिथेही दिसलं नाही. 'हातानं मारायचं' हा आरोप त्याच अभ्यासांनी पाडला. दुसरी, तिथे छातीशी राहण्याचे तास ठरवल्यापेक्षा फार कमी पडले. सफदरजंगसारख्या ठिकाणी आईची खाट आत होती, तिचं जेवणखाण, तिची तपासणी तिथेच होती, म्हणून सतरा तास जमले. जिथे आई येऊन-जाऊन राहिली तिथे तेवढे जमले नाहीत. म्हणजे काम करतंय ते नुसतं चार घटका कातडीला कातडी लावणं नाही, आईचं तिथे राहणं आहे, असं मला वाटतं. हा माझा अर्थ आहे, दुसऱ्यानं दुसरा लावावा. पण हे सगळे अभ्यास शेजारी ठेवले की आपल्या खिशातला रुपया कुठे घालायचा याचं उत्तर खाटेकडेच बोट दाखवतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण तिच्यावाचून माझा सगळा युक्तिवाद फसवा ठरेल. त्या पाच रुग्णालयांत आई आत आणण्याआधी दोन्ही गटांसाठी सी-पॅप, सॅच्युरेशन बघायची सोय, नीट दूध देण्याची व्यवस्था लावून घेतली होती. जे बाळ जन्मल्यावर तासाभरातही स्वतःहून श्वास घेऊ शकत नव्हतं ते अभ्यासात घेतलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये 'जन्मल्याबरोबर, दिवसाला ८ ते २४ तास' अशी शिफारस केली तेव्हाही व्हेंटिलेटर लागणारी आणि शॉकमध्ये गेलेली, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेली, बाळं वगळली. तेव्हा 'मशीन नको, माया पुरे' म्हणणाऱ्यांना या पुराव्यात काडीचा आधार नाही. आज्यांचा दाखला तर देऊच नये. आपल्या आज्यांच्या काळात बाळंतिणीची खोली अंधारी, खाली शेगडीचा धूर, बाळ कापसात आणि दुपट्यात गुंडाळून बाजल्यावर शेजारी. उघड्या छातीशी कुणी बांधत नव्हतं. आणि सातव्या महिन्यातलं जगलं की त्याची गोष्ट घराण्यात चाळीस वर्षं सांगायचे, कारण बाकीची जगत नव्हती. माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, 'नऊ झाली, पाच राहिली.' त्या चारांची नावंसुद्धा ठेवली नव्हती.

मी स्वतः कधी बदलले ते सांगते. ऊसतोडीचा हंगाम होता, फेब्रुवारी असावा. पंचगंगेकाठच्या एका पालात बाळंत झालेली बीडकडची बाई, दीड-दोन महिने आधीच. टोळीच्या मुकादमानं जीपमधून आणलं, बाळ टॉवेलात, टॉवेल ओला. वजन तेराशे वीस ग्रॅम, अंगाचं तापमान ३४.८ अंश सेल्सिअस, म्हणजे गार पडलेलं, श्वासाबरोबर कण्हणं चालू. आमच्या एकाही वॉर्मरवर जागा नव्हती, दोनावर तर दोन-दोन बाळं होती. पाळीवरचा डॉक्टर तरणा होता. तो म्हणाला, सिस्टर, आईला आत घ्या. मी म्हटलं, आत? तो म्हणाला, आता याला ठेवायला दुसरी गरम जागा दाखवा. आम्ही तिला खुर्चीत बसवलं, पोलकं सोडलं, बाळाला टोपी-मोजे आणि लंगोट एवढंच ठेवून तिच्या दोन छात्यांच्या मध्ये बेडकासारखं बसवलं, मान एका बाजूला, हनुवटी जराशी वर, वरून लुगड्याची घडी घट्ट बांधली. नाकातला ऑक्सिजन तसाच, पायाला सॅच्युरेशनची पट्टी तशीच. ती बाई हात हवेतच धरून बसली. उसाच्या पात्यांनी कापून कापून तिचे तळवे खरबरीत झाले होते. "बाई, माझे हात टोचतील त्याला," म्हणाली. मी तिचे हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवले. मॉनिटरवर सॅच्युरेशनचा आकडा ८६-८७ मध्ये घुटमळत होता. तासाभरात ९३ झाला. दोन तासांनी बाळाचे पाय माझ्या बोटांना कोमट लागले आणि कण्हणं थांबलं होतं. पहाटेपर्यंत ती हलली नाही, पाय सुजले तिचे.

एका बाळावरून मी काही सिद्ध करत नाही, कधी कधी बाळं नुसती आपसूक सावरतात. पण त्या रात्रीनंतर मला आधीच्या वर्षांतली एक आई आठवायला लागली आणि अजून आठवते. दुसऱ्या एका दवाखान्यात मी तेव्हा होते. भुदरगडकडची पोर, पहिलटकरीण, बाळ चौदाशे ग्रॅमचं. नियम होता, दोन तासांनी पाच मिनिटं काचेतून बघायचं. ती जिन्यात बसायची, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. ओल्या बाळंतिणीनं दगडी पायरीवर बसू नये म्हणून मीच तिच्यावर ओरडले, आणि आतही मीच घेतलं नाही. आठव्या दिवशी तिचं दूध आटलं. एकोणिसाव्या दिवशी बाळ हातात दिलं तेव्हा तिनं ते पुढे धरलं, शेजारणीचं धरावं तसं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सिस्टर, हे रडलं तर काय करायचं असतं?" बाळ जगलं. आमच्या वहीत ते यश म्हणून लिहिलं गेलं.

'आया आत आल्या की संसर्ग वाढणार' ही भीती मनापासूनची आहे आणि मी तिच्यावर हसत नाही. पण बाळांना खाणारे जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा आमच्याच हातांतून, नळ्यांतून, सिंकमधून. दवाखान्यात मुरलेले, औषधांना दाद न देणारे जंतू ते. आईच्या कातडीवरचे जंतू साधे असतात. ते आधी बाळाच्या अंगावर वसले तर दवाखान्यातल्या जंतूंना तिथे जागा कमी उरते, आणि त्यांच्याशी लढायची सामग्री तिच्याच दुधातून बाळाला मिळते. त्या पाच रुग्णालयांत जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळं नेहमीच्या गटात २७.८ टक्के होती, आईजवळच्या गटात २२.९. इंग्लंडमध्ये पन्नासच्या दशकापर्यंत आजारी मुलांच्या वॉर्डात आईबापांना आठवड्यातून एखाद-दोनदाच सोडत, कारण हेच, संसर्ग आणि शिस्त. १९५९ साली प्लॅट समितीनं ती दारं उघडायला सांगितली. वॉर्ड कोसळले नाहीत. आज सहा वर्षांच्या पोराला डेंग्यू झाला तर त्याची आई रात्री त्याच्या खाटेवरच झोपते, आणि तिला हाकलायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग सहा तासांच्या पोराला आई का नको?

'पण इतिहासात उत्साहाच्या भरात डॉक्टरांनी बाळांचं नुकसानही केलंय' हे कुणी म्हटलं तर मी मान डोलावेन. चाळीस-पन्नासच्या दशकात पेटीत भरपूर ऑक्सिजन सोडणं हीच आधुनिक सेवा समजली जायची, आणि त्यानं जगभरात हजारो बाळांचे डोळे गेले. तपासणी झाली तेव्हा ते उघड झालं. त्यातून मी शिकते ते हे की छातीशी ठेवलेल्या बाळाचंही सॅच्युरेशन, तापमान, मानेची ठेवण बघायला माणूस हवं. झोपेत आईची पकड सैल झाली, बाळाची मान पुढे मुडपली, तर श्वास कोंडतो. पट्टा नीट बांधलेला आणि नजर टाकणारी सिस्टर, या दोन्ही गोष्टी लागतात.

आणि इथे खरं दुखणं येतं. एका पाळीला बारा-बारा, पंधरा-पंधरा बाळं मी एकटीनं बघितली आहेत. अशा सिस्टरला तुम्ही सांगणार, आता प्रत्येक बाळामागे एक आई पण सांभाळ? तिनं कपाळाला हात लावला तर तिची चूक नाही. माझा अनुभव एवढाच की पहिले दोन-तीन दिवस काम वाढतं, मग उतरतं. नळीतून दूध द्यायला, लंगोट बदलायला, बाळ निळं पडतंय का बघायला बाराच्या बारा आया हजर असतात. त्या सांगतात, 'सिस्टर, हा श्वास घेईना,' आणि बऱ्याचदा मॉनिटरच्या आधी सांगतात. हे शिकवण्याला वेळ लागतो, त्यासाठी माणसं वाढवावी लागतात, आणि ती न वाढवता नुसता आदेश काढला तर हा प्रयोग बदनाम होईल. शिकवलेली साधी बाई काय करू शकते हे महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं की! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हाही 'चौथी-पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात बाळ?' असंच म्हटलं गेलं. १९९९ साली निष्कर्ष आले, तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. आज आपली आशाताई बाळ बघायला घरी येते ती त्याच वाटेनं.

महाराष्ट्राचा नवजात मृत्यूदर २०२० साली हजारी ११ होता, देशाचा २०. तेव्हा मलावी-घानाचे आकडे आम्हाला कशाला, असंही विचारतात. विचारणं रास्त आहे. आपल्याकडे फायदा तेवढाच होईल असं मी म्हणणार नाही. पण उरलेल्या मृत्यूंत कोण आहे बघा. दिवस भरण्याआधी आलेली, हलकी, लांबून आणलेली बाळं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात गगनबावड्याचा रस्ता कसा असतो ते सांगायला नको. बाळ रुग्णवाहिकेत बापाच्या मांडीवर येतं, सिझर झालेली आई तिकडेच राहते, टाके निघेपर्यंत. ताटातूट तिथूनच सुरू होते. आई येण्यासारखी असेल तर तिला सोबत घ्या, नसेल तर बापानं शर्टाची बटणं उघडून बाळ छातीशी धरून यावं, वरून घोंगडं. रुग्णवाहिकेत यापेक्षा भरवशाचं ऊबदार काही नसतं. २०१९ च्या महापुरात वीज आणि रस्ते दोन्ही गेले होते, तेव्हा कुणाची छाती बंद पडली नव्हती.

आई आत यायची तर आणखी एक भिंत पाडावी लागेल, ती विटांची नाही. बाळंतीण प्रसूती विभागाची पेशंट, बाळ बालरोग विभागाचं. दोन मजले, दोन केसपेपर, दोन राऊंड. आईला बीपी आहे, टाके आहेत, रक्तस्राव बघायचाय, म्हणून ती तिच्या खाटेवर हवी. बाळाला ऑक्सिजन हवा, म्हणून ते वर हवं. कुणीच चूक नसतं आणि दोघं लांब राहतात. सफदरजंगमध्ये आईची तपासणी बाळाच्या खोलीत होऊ लागली, एवढाच फरक होता, पण तोच सगळ्यात अवघड. आपल्या केंद्र सरकारनंही आता माता-नवजात कक्षाची कल्पना उचलून धरली आहे. ती कागदावरून जिन्याच्या वर कधी चढते, ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एका टेबलाशी बसतात का, यावर आहे.

बापाचं काय, हे बायका मला हळूच विचारतात. बाप चालतो, आजी चालते, मावशी चालते. छाती कुणाचीही ऊब देते, दूध तेवढं आईचं. मात्र बायका पोलकं सोडून बसलेल्या खोलीत पुरुष कसा येणार, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला उत्तर पडदा आहे, बंदी नाही. लाल मातीतला एक पैलवान मी बघितलाय. मानेला घडी पडायची एवढा गडी, बायको फिट येऊन दुसरीकडे भरती. "सिस्टर, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. चिरडंल माझ्या हातात." मी म्हटलं, बस की रे बाळा, काय होत नाही. सलग पाच तास बसला. शिंक आली तर नाक दाबून धरत होता.

तालमीची पोरं परवा परत आली. मी त्यांना सांगितलं, पेटीचं डॉक्टरांना विचारा, त्यांना खरंच लागत असेल तर द्या. पण त्याआधी विभागात जाऊन मोजून या, आत किती आयांना टेकायला जागा आहे. ते जाऊन आले. एकही नाही म्हणाले. मग आम्ही कागद घेऊन बसलो: मागे रेलणाऱ्या खुर्च्या, धुता येतील असे पट्टे, पडदे, हात धुवायला कोपरानं चालणारा नळ, आणि आयांच्या दोन वेळच्या जेवणाचं काय ते. सुतारकाम करणारा एक पोरगा होता त्यांच्यात. त्यानं विचारलं, "मावशी, खुर्चीची पाठ किती कलती धरू?" मी भिंतीला उशी लावली, मागे रेलले आणि छातीवर घडी केलेला टॉवेल धरून दाखवला. त्यानं खिशातली पट्टी काढली आणि माझ्या पाठीमागून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायला लागला.